अंगठ्याच्या ठशाची वीट

उज्जैनमध्ये गाइडचं काम करणारा माणूस प्रवाशाच्या चपला आधी बघतो, चेहरा नंतर. माणूस किती चालेल, किती वेळ ऐकेल आणि देवळात शिरताना चपलांच्या काळजीत त्याचं आपल्याकडे किती लक्ष राहील, हे सगळं चपला सांगतात. मी गाइड होतो तेवढ्या वर्षांत या परीक्षेत फारसा चुकलो नाही. एकदा चुकलो, तो मात्र पुरता. दिवाळी अंकासाठी गमतीजमती लिहा असं संपादकांनी सांगितलं होतं. गमतीजमती मी बसमध्ये पुष्कळ सांगितल्या आहेत. ही गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, आणि ती लिहिण्यामागे माझा एक हेतू आहे. तो शेवटी सांगतो.

माझे वडील रेल्वेत नोकरीला म्हणून साताऱ्याकडून इकडे आले आणि फ्रीगंजमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत कायमचे राहिले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. इतिहासात एम. ए. होऊनही नोकरी मिळेना, तेव्हा मी गाइडची सरकारी परीक्षा दिली आणि छातीवर लावायचा बिल्ला मिळवला. नव्वदीची वर्षं होती. नानाखेड्याच्या स्टँडवर व्हिडिओ कोच येऊ लागल्या होत्या, ‘पॅकेज’ हा शब्द नवा नवा होता, आणि पूर्वी आयुष्यात एकदाच तीर्थाला निघणारी माणसं आता दर सुट्टीत निघत होती. महाराष्ट्राच्या नंबरची बस दिसली की बाकीचे गाइड ओरडायचे, “ओ मराठी, तेरी बस लगी!”

हा धंदा संशयावर चालतो, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. हा आपल्याला लुबाडणार, असं प्रवाशाला वाटत असतं. हा आपली दक्षिणा खाणार, असं राम घाटावरच्या पंड्याला वाटत असतं. आणि गाइडला वाटत असतं की बसमधला एखादा गप्प माणूस पर्यटन खात्याने पाठवलेला आहे. त्या काळात तशी बोलवाच होती. साध्या वेशात माणसं येतात, तुमचं बोलणं टिपून घेतात आणि महिन्याभरात बिल्ला जमा करण्याची नोटीस येते, असं म्हणत. आमच्यातल्या एकाचा बिल्ला गेलाही होता. कशामुळे गेला ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येकजण आपापलं पाप आठवून घाबरत होता.

माझी दोन पापं होती.

पहिलं माझ्या सांगण्यात होतं. नानाखेड्यापासून महाकालाच्या देवळापर्यंत जो पाऊण तास मिळे, त्यात मी दोन धर्म सांगायचो. हिंदू धर्माला संस्थापक नाही. वेदांतले यज्ञ, मग उपनिषदांतले प्रश्न, मग पुराणांतले देव, असे थरावर थर चढत गेले. केलेलं कर्म सुटत नाही, पुन्हा जन्म घ्यावा लागतो, आणि आत एक न मरणारा आत्मा आहे, त्याची ओळख पटली की सुटका. बौद्ध धर्माची सुरुवात मात्र बोट ठेवून दाखवता येते. घरदार सोडलेला एक माणूस आणि एक पिंपळाचं झाड. दुःख आहे, ते हव्यासातून येतं, ते थांबू शकतं, आणि थांबवण्याचा आठ अंगांचा मार्ग आहे. कर्म त्यांनीही मानलं, पण कायम टिकणारा आत्मा मानला नाही, आणि जग चालवणाऱ्या देवाची त्यांना गरज भासली नाही.

हे सगळं ऐकून इंदूरच्या एका निवृत्त डॉक्टरांनी मला विचारलं होतं, “हिंदू धर्माला संस्थापकच नाही? मग रजिस्ट्रेशन कुणाच्या नावावर आहे?” त्यांचा चेहरा गंभीर होता. मी आजपर्यंत ठरवू शकलेलो नाही की ते चेष्टा करत होते की नाही.

इथपर्यंत मी सगळ्यांना सारखंच सांगे. शेवट मात्र दोन होते. बसमध्ये हिंदू मंडळी असली की मी म्हणे, बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार, तेव्हा दोन्ही एकच. लोक खूश होत. बौद्धांची बस असली की अवतार गाळायचा. त्यांच्या दीक्षेच्या प्रतिज्ञांमध्येच बुद्धाला अवतार मानणार नाही असं आहे, आणि अकोल्याच्या एका बाईंनी मला भर उन्हात, घाटाच्या पायरीवर उभं करून ते ऐकवलं होतं. तेव्हापासून मी त्यांच्या बसमध्ये शेवट असा करी की बुद्ध म्हणतात, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. आणि एवढं बोलून त्यांच्या हातात वीट देई.

वीट हे दुसरं पाप.

शहराबाहेर कानिपुऱ्याच्या वाटेला वैश्य टेकडी आहे. टेकडी म्हणजे मुळात विटांचा स्तूप, अशोकाच्या काळातला. तरुण असताना अशोक या भागाचा कारभार पाहायला उज्जैनला होता आणि त्याच्या विदिशेच्या बायकोसाठी हा स्तूप बांधला, असं सांगतात. एका थाई म्हातारीने तिथे पडलेला विटेचा तुकडा उचलून कपाळाला लावला आणि ढसाढसा रडली. त्या वेळी मी काही केलं नव्हतं, फक्त पाहिलं. पुढच्या बसच्या वेळी मी एक तुकडा आधीच खिशात ठेवला. ती चोरी होती. पुढे टेकडीवर राखणदार फिरू लागला, तेव्हा मी चोरी थांबवली आणि त्याहून वाईट काम सुरू केलं.

नानाखेड्याच्या पलीकडे नव्या कॉलन्या उठत होत्या आणि त्यांच्यासाठी वीटभट्ट्या लागल्या होत्या. तिथे मी जुन्या मापाच्या रुंद, चपट्या विटा पाडून घेतल्या. एक पावसाळा त्या घरामागे मीठ आणि शेणपाण्याच्या खड्ड्यात पुरल्या. बाहेर निघाल्या त्या इतक्या जुन्या दिसत होत्या की मीच क्षणभर हात जोडले. प्रत्येक विटेच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा ठसा होता. तो का होता, हे मी भट्टीवाल्याला विचारलंही नाही. मला त्यात आयती गोष्ट सापडली. मी म्हणू लागलो, “हा बघा, दोन हजार वर्षांपूर्वीच्या मजुराचा अंगठा.” लोक त्या खळग्यात आपला अंगठा ठेवून डोळे मिटत. मी किंमत सांगत नसे. मी विकत नाही, लोक स्वखुशीने देतात, असं स्वतःला सांगणं त्यामुळे सोपं जाई.

वैशाखात भंडाऱ्याकडची एक बस आली. सांचीला निघालेली बौद्ध मंडळी होती, चाळीसेक माणसं. पुढारपण शेंडेबाई या प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेकडे होतं. गावात विहार बांधायचा होता आणि पायाभरणीत घालायला अशोकाच्या स्तूपाची एक वीट न्यायची होती. तसं त्यांनी एस.टी.डी.वरून मला आधीच कळवलं होतं, आणि मी ‘व्यवस्था होईल’ म्हणालो होतो.

बसमध्ये माझं सांगणं झालं, मंडळी खाली उतरली, आणि सगळ्यांत शेवटी एक म्हातारा उतरला. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, हातात डायरी, आणि पायात तपकिरी, चकचकीत पॉलिश केलेले बूट. खेड्यातला म्हातारा असे बूट घालत नाही. मंडळींना टेकडीवर नेण्यासाठी सात-आठ रिक्षा ठरवल्या होत्या, त्यांत माझा नेहमीचा रिक्षावाला कैलाश होता. त्यालाही तेच दिसलं.

“भिया, ये आदमी टूरिस्ट नी है,” तो माझ्या कानाशी म्हणाला. “दो-दो पेन. और बूट देखे? अफसर है. आज ईंट मत निकालना.”

“बाईंना शब्द दिलाय रे.”

“तो फिर बिल्ला भी दे दो,” कैलाश म्हणाला आणि रिक्षा चालू करून बसला.

कैलाशच्या रिक्षातून जाताना म्हाताऱ्याने मला विचारलं, “सकाळी घाटावर नाशिकवाल्या मंडळीले तुम्हीच सांगत होते ना जी?”

त्यांची बस पहाटेच पोचली होती. हा माणूस राम घाटावर चहाच्या ठेल्याजवळ बसून मला ऐकत होता!

“हो, मीच.”

“तवा बुद्ध अवतार होते. आता बसमध्ये नव्हते. काऊन?”

मी काहीतरी पुटपुटलो. प्रत्येकाच्या श्रद्धेचा मान राखावा लागतो, असं काहीसं. त्याने मान हलवली आणि डायरीत लिहिलं. कैलाशने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

टेकडीवर मी सांगायचं ते सांगितलं आणि कापडात गुंडाळलेली वीट बाहेर काढली. बायकांनी हात जोडले. म्हाताऱ्याने वीट मागून घेतली. बोटाच्या पेराने ठोकली आणि कान जवळ नेला. कोपरा जिभेला लावला. वितीने मापली. मग अंगठ्याच्या खळग्यात आपला अंगठा ठेवला आणि हसला. तो हसण्याचा क्षण मला सहन झाला नाही. हा पंचनामा चालला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती.

“कुठल्या बाजूची ही?” त्याने विचारलं.

“उत्तरेकडची.”

“खालच्या थरातली का वरच्या?”

सगळे माझ्याकडे बघत होते. शेंडेबाईही. मी छातीवरच्या बिल्ल्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, “आबा, महाकालाची शपथ, ही अशोकाच्या काळची वीट आहे.”

उज्जैनमध्ये महाकालाची खोटी शपथ कुणी घेत नाही. रस्त्यावर मारामारी करणारी पोरंही ते नाव आलं की थांबतात. कैलाशने तोंड फिरवलं.

“मी तुमच्या देवाले नाही मानत जी,” म्हातारा शांतपणे म्हणाला. “पण तुम्ही मानता ना?”

“मानतो.”

“मंग घेतो,” म्हणून त्याने वीट पिशवीत ठेवली.

बस निघण्याआधी मी माझी अभिप्रायाची वही पुढे केली. प्रत्येक गाइड अशी वही ठेवतो, पुढच्या बसला दाखवायला. शेंडेबाईंनी पानभर कौतुक लिहिलं. खाली जाड अक्षरांत एकच ओळ होती: ‘वीट चांगली भाजली आहे. श्रावण रामटेके.’

ती ओळ मी नंतर किती वेळा वाचली असेन! अधिकाऱ्याचा शेरा असाच असतो, कोरडा. मी घरामागचा खड्डा बुजवला, उरलेल्या विटा फोडून रस्त्याच्या खड्ड्यांत टाकल्या, आणि नोटिशीची वाट बघू लागलो. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की जेवण उतरत नसे. बायकोने विचारलं तर तिच्यावर ओरडायचो. प्रत्येक बसमध्ये मला दोन पेनं दिसू लागली. महाकालासमोरून दिवसातून चार वेळा प्रवाशांना नेत होतो, पण वर बघत नव्हतो.

वर्ष गेलं. नोटीस आली नाही, एक पत्रिका आली. भंडाऱ्याजवळच्या त्या गावात बुद्धपौर्णिमेला विहाराचं उद्घाटन होतं. प्रमुख पाहुण्यांत माझं नाव छापलेलं, ‘सम्राट अशोककालीन वीट मिळवून देणारे’. आणि खाली: ‘बांधकाम: श्रावणजी रामटेके, निवृत्त वीटभट्टी कामगार’.

‘वीटभट्टी’ हा शब्द वाचून मी ओट्यावर बसलो. बायको म्हणाली, “काय झालं? चांगलंच आहे की. मान देतायत.”

वर्षभर बिल्ल्याची काळजी केली होती. त्या दिवशी पहिल्यांदा विहाराची काळजी वाटली. एका गावाचा विहार माझ्या खोट्या विटेवर उभा होता, आणि खोटी आहे हे ज्याला कळलं असणार, त्यानेच तो बांधला होता. मी तिकीट काढलं.

गावच्या फाट्यावर म्हातारा छत्री घेऊन उभा होता. अनवाणी.

“आले का जी गाइडसाहेब! मले वाटलं, नाही येत.”

विहार छोटासा होता, पांढरा, निळ्या पट्ट्यांचा. फाटकाशी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाण्याचा रांजण ठेवला होता. म्हाताऱ्याने त्याच्या बुडाकडे बोट दाखवलं. रांजण माझ्या विटेवर बसवलेला होता. ओल्या कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा दिसत होता.

“विहाराच्या पायात नाही घातली मी, घरीच ठेवली होती. आजच येथं लावली,” तो म्हणाला. “तेवढी फिकीर नका करू.”

“तुम्हाला तिथेच कळलं होतं?”

“हातात घेतली तवाच. ठोकली त टणकन वाजली, नव्यावानी. जिभेले मिठाची चव आली. अन् अंगठा त आमच्याही भट्टीवर ठेवत. एखाद्या गिऱ्हाइकाचा माल येगळा कराचा असला का थापणारीनं कोपऱ्याले अंगठा दाबाचा. बाईचा अंगठा हाय तो. माझी बायको थापे, मले म्हाईत नाही का?”

दोन हजार वर्षांपूर्वीचा मजूर! माझी ऑर्डर वेगळी काढायची म्हणून भट्टीवरच्या कुणा बाईने केलेली ती खूण होती. आणि मी ती माणसांच्या कपाळाला लावत होतो.

“मला वाटलं तुम्ही खात्याचे अधिकारी आहात,” मी म्हणालो. “तुमचे बूट…”

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. “पोराचे होते. गावाबाहेर जाचं म्हणून घातले. टाचा सोलून निघाल्या जी!” मग त्याने दोन्ही तळहात पुढे केले. चिरा पडलेले, भाजलेले, कातडं जाड झालेले. “अधिकाऱ्याचे हात असे असतेत का?”

मी हात पाहिलेच नव्हते. चपला बघायची सवय.

मग मी एक केविलवाणी गोष्ट केली. स्वतःचा बचाव केला. म्हणालो, “आबा, शेवटी भाव महत्त्वाचा. आमच्याकडे मातीची पिंड करतात, पूजा करतात आणि नदीत सोडतात. भाव असला की मातीचाही देव होतो.”

“होत असंल,” तो म्हणाला. “पण ते माती म्हणूनच करतेत ना? सोन्याची हाय म्हणून त नाही सांगत कोणाले?”

मी विचारलं, “मग गावाला का नाही सांगितलंत? आणि मला का बोलावलंत?”

“चाळीस माणसांनी तुमची शपथ ऐकली. म्या एकट्यानं काय सांगाव? म्हणाले असते, म्हातारा चळला. ज्यानं खाल्ली त्यानंच सोडवावी. म्हणून पत्रिका धाडाले लावली.”

त्यांनी मला बुद्धमूर्तीशेजारच्या खुर्चीत बसवलं. समोर सगळं गाव. कार्यक्रम पंचशीलाने सुरू झाला. लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे एका सुरात म्हणत होते: जीव घेणार नाही, न दिलेलं घेणार नाही. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. पंचशील मी शेकडो बसमध्ये पाठ म्हणून दाखवलेलं. त्या दिवशी चौथ्यापाशी माझे ओठ हलले नाहीत.

माझं नाव पुकारलं तेव्हा मी माइकसमोर गेलो आणि सांगितलं. वीट कुठे भाजली, कशात पुरली, अंगठा कशाचा, शपथ का घेतली. पाच मिनिटंही लागली नसतील. कुणी ओरडलं नाही. एक म्हातारी पुढून म्हणाली, “मंग पायात काय हाय आपल्या?”

“आपल्या भट्टीची वीट हाय,” श्रावणजी जागेवरूनच म्हणाले. “मी भाजलेली. अजून काय पायजे?”

शेंडेबाई उठल्या. “एक वर्ष मी शाळेत पोरांना त्या अंगठ्याबद्दल सांगतेय,” त्या म्हणाल्या. “ती पोरं समोर बसली आहेत. त्यांना आता मी काय सांगू, सर?” आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्या विहाराबाहेर गेल्या. जेवणाच्या पंगतीतही त्या आल्या नाहीत. लोकांनी मला वाढलं, आग्रहही केला. मला त्यांचं न येणंच जास्त रास्त वाटलं.

निघताना मी रांजणातलं पाणी प्यायलो. श्रावणजी फाट्यापर्यंत आले. बस दिसू लागली तेव्हा त्यांनी विचारलं, “अजून कितीक जणांले देल्या अशा?”

मला खरंच माहीत नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

उज्जैनला आल्यावर मी बिल्ला स्वतःच खात्यात नेऊन दिला. साहेबांनी कारण विचारलं, मी ते लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे संशयाने पाहिलं, आणि विचारलं, “कुणाला अडकवायचंय तुम्हाला?” अखेर माझं प्रकरण कुठल्यातरी फायलीत पडून राहिलं. पुढची वर्षं मी शिकवण्या घेऊन काढली. कैलाश अजून भेटतो. “भिया, वो अफसर नी था,” असं दर वेळी म्हणतो आणि दर वेळी स्वतःच हसतो.

आता हेतू सांगतो. भंडाऱ्याचा पत्ता मला मिळाला, कारण पत्रिका आली. बाकीच्यांचे पत्ते नाहीत. अकोला, नागपूर, औरंगाबाद, काही विटा तर पार थायलंडला गेलेल्या. हा अंक मराठी घरांत जातो, म्हणून लिहितो आहे. तुमच्या किंवा तुमच्या ओळखीच्या कुणाच्या देवघरात, विहारात, काचेच्या कपाटात उज्जैनहून आणलेली रुंद, चपटी वीट असेल आणि तिच्या एका कोपऱ्यावर लहानसा अंगठा उमटलेला असेल, तर ती अशोकाच्या काळची नाही. ती नानाखेड्यामागच्या भट्टीवर भाजलेली आहे, आणि तो अंगठा तिथे विटा थापणाऱ्या एका बाईचा आहे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.